चाकाखाली काही आलं का? ओसीडीचं एक प्रकरण

ओसीडी म्हणजे नको असलेली शंका मनात पुन्हापुन्हा येणं आणि ती फेडायला तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागणं. रुग्ण पुरुष, वय ३४, विवाहित, पाच वर्षांची एक मुलगी. राहणार बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं, वेंगुर्ला रस्त्यापासून थोडं आत असलेलं गाव. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे आयटीआय. नोकरी उद्यमबागमधल्या एका मशीन शॉपमध्ये, इन्स्पेक्शनला. येणं-जाणं मोटारसायकलवर. थोरला भाऊ शेती बघतो : भात, रताळी, थोडा ऊस. रुग्णाच्या आणि त्याच्या पत्नीच्या संमतीने हे लिहितोय. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत, आजाराच्या बदललेल्या नाहीत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये भाऊ त्याला घेऊन आला. आदल्या संध्याकाळी हा गृहस्थ कामावरून सुटून थेट पोलीस ठाण्यात गेला होता. "माझ्या गाडीखाली कोणतरी आलंय असं वाटालंय, जरा बघून घ्या," एवढंच त्याचं म्हणणं. कोण, कुठे, किती वाजता, काही सांगता येईना. ठाण्यातल्या लोकांनी गाडी पुढून-मागून बघितली, त्या रस्त्यावरून तसली काही खबर नव्हती, मग भावाला बोलावून घेतलं. जाताना एका हवालदाराने भावाला बाजूला घेऊन सांगितलं की ह्याला मानसिक डॉक्टरला दाखवा. हे मुद्दाम लिहितो, कारण इतर कुठे गेला असता तर 'रात्रीची घेत असशील, ती बंद कर' एवढ्यावरच त्याची बोळवण झाली असती. हा माणूस सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही.

माझ्यासमोर बसल्यावर त्याला पहिली चिंता वेगळीच होती. ठाण्यातून निघताना त्याने एका रजिस्टरात सही केली होती आणि मजकूर कानडीत होता. कानडी त्याला बोलता येतं, वाचताना अडखळतो. "आलो-गेलो म्हणून सही घेतले म्हणतोय दादा. खरं त्यात मी कबुली दिलो असं लिहून घेतले असतील तर?" भाऊ शेजारीच होता, त्याने स्वतः रजिस्टर बघितलं होतं. तरी रात्रभर हा प्रश्न चालू होता.

आजाराची वाट

गाडी चालवताना धक्का बसला की पहिला विचार येतो : माणूस गेला का चाकाखाली? धक्का स्पीड ब्रेकरचा असो, खड्ड्याचा असो, उसाच्या कांड्याचा असो. विचारापाठोपाठ पोटात गोळा, हाताला घाम. मग गाडी वळवायची. जिथे धक्का बसला तिथे जाऊन रस्ता बघायचा, गटार बघायची, उसाच्या सरीत मोबाईलचा उजेड पाडून बघायचं. काही नसतं. परत निघायचं. पण वळून येताना नवा धक्का बसलेला असतो, आणि आता तो तपासायचा. पाऊण तासाची वाट अडीच-तीन तासांची झाली होती. घरी पोचल्यावर मडगार्ड, टायर, सायलेन्सर. रक्ताचा डाग, केस, कापडाचा धागा. पावसाळ्यात तांबड्या मातीचे शिंतोडे बघून एकदा तो ओट्यावरच मटकन बसला होता.

सुरुवात मात्र गाडीपासून नव्हती. खोदून विचारल्यावर कळलं की आयटीआयला असताना खोलीचं कुलूप ओढून बघायची सवय होती, इतकी की खोलीतले मित्र चेष्टा करायचे. ती आपोआप कमी झाली. मामांना सोवळ्याचं वेड होतं, मोरीतून दोन-दोन तास बाहेर यायचे नाहीत. घरात त्याला मंत्रचळ म्हणत आणि हसून सोडून देत. ओसीडी बहुधा असाच किशोरवयात किंवा विशीच्या आगेमागे डोकं वर काढतो, जवळच्या नात्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते, आणि तपासणीचा विषय आयुष्यभर एकच राहील असं काही नसतं.

गाडीचा विषय आला तो २०२२ च्या गळीत हंगामात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे बाहेर लोंबणारे, मागे ना दिवा ना रेडियम. अशाच ट्रॉलीवर मागून आदळलेल्या एका दुचाकीचा अपघात त्याने बघितला होता, झाल्यानंतर दहाएक मिनिटांनी. त्याचा त्यात काही संबंध नव्हता. घरच्यांच्या मते तिथेच काहीतरी 'लागलं'. तिठ्यावर नारळ फोडून झाला, लिंबू उतरून झालं, सौंदत्तीला जाऊन आले. मी यापैकी कशालाही नावं ठेवली नाहीत. त्यातून एक झालं, आपल्या माणसाला बरं नाही हे घराने फार लवकर मान्य केलं होतं.

त्यानंतर जानेवारी २०२४. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली आणि देशभर ट्रकवाल्यांनी संप केला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तोच विषय. ते पोटकलम सरकारने पुढे लागूच केलं नाही, पण याच्या डोक्यात दहा वर्षांचा आकडा बसला तो बसला. शिवाय त्याच्या रोजच्या वाटेवर हिंडलग्याचा तुरुंग. महिनाभरात तो तुरुंगासमोरचा रस्ता टाळून आडवाटेने यायला लागला. आडवाटेवर खड्डे जास्त, म्हणजे धक्केही जास्त.

गाडी सोडून बसनेही जाऊन बघितलं. आठवडा बरा गेला. मग बसमधून उतरताना आपला धक्का लागून मागचं कोणी पडलं का, ही शंका सुरू झाली, आणि हा पुढच्या स्टॉपपर्यंत बसमागे चालत जायला लागला.

घर कुठे कुठे अडकलं होतं

मी रुग्णाला जेवढा वेळ दिला त्याहून जास्त घरच्यांना दिला. ओसीडीत शंकेइतकंच वजन शंकेला मिळणाऱ्या उत्तराला असतं, आणि या घरात उत्तर द्यायला माणसं भरपूर होती.

पत्नीचं काम मडगार्ड बघायचं. तो दारात आला की तिने बॅटरी घेऊन बाहेर यायचं, गाडी बघायची आणि म्हणायचं, "बघितलो मी, काय नाही." नुसतं 'काय नाही' चालायचं नाही, 'बघितलो मी' आधी यायला हवं. पुढे आईशप्पत लागायला लागली. एका रात्री त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला सांगितलं. तिने घेतली नाही. ती रात्रभर रडली, हा रात्रभर अंगणात गाडीशेजारी बसून राहिला. हे सांगताना तिने नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती.

चुलतभाऊ १०८ च्या रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर. त्याला रोज रात्री फोन : आज आपल्या रस्त्याला केस होती काय? दोन मराठी पेपर घरी येत, त्यातलं स्थानिक पान सकाळी पहिलं वाचायचं. कानडी पेपरातलं कारखान्यातला एक सोबती वाचून दाखवायचा. थोरल्या भावाने तर प्रेमापोटी हेल्मेटला लावायचा कॅमेरा आणून दिला, सगळं रेकॉर्ड होईल म्हणजे शंकाच नको. परिणाम असा की पूर्वी रस्त्यावर जायचे तेवढेच तास, आता त्यात रात्रीचे दोन तास रेकॉर्डिंग बघण्याचे वाढले. एखादी सावली दिसली की ते दृश्य मागेपुढे करून वीस वेळा.

तपासून खात्री होत नाही, उलट ती पातळ होते. २००३ साली व्हॅन डेन हाउट आणि किंट या डच संशोधकांनी निरोगी माणसांना संगणकावरचा गॅस पुन्हापुन्हा बंद करून तपासायला लावला. त्यांना शेवटी नेमकं काय झालं ते आठवत होतं, पण त्या आठवणीवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता. रुग्ण नसलेल्यांची ही गत. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे कॅमेरा घेऊन आम्ही आणखी बिघडवलो म्हणा की."

निदान

भ्रमाचा आजार आहे का, हा पहिला प्रश्न, कारण पोलिसात जाऊन गुन्हा कबूल करणारा माणूस बघून कुणालाही तसं वाटेल. त्याचं एक वाक्य उत्तराला पुरेसं होतं : "मला कळतंय की ओ डॉक्टर, कोण आलेलं नाही. खरं शंभर टक्के कुठं माहीत हाय?" भ्रमात माणूस ठाम असतो. हा ठाम नव्हताच, तीच त्याची पीडा होती. उदासीनता होती, झोप गेली होती, वजन उतरलं होतं, पण ती आजाराच्या मागून आलेली. अपघात बघितल्याचा आघात म्हणावा तर त्या दृश्याची स्वप्नं नाहीत, तिथून जायला भीती नाही; भीती स्वतःच्या हातून होणाऱ्या अपघाताची.

जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे मी प्रत्येकाला विचारतो, आणि सरळ शब्दांत विचारतो. त्याने होकाराची मान हलवली. 'मीच नसलो तर कोणाला धोका नाही' असं दोन-तीनदा वाटून गेलं होतं. ठरवलेलं काही नव्हतं. पत्नीला आणि भावाला त्याच्यादेखतच याची कल्पना दिली, शेतीची औषधं कुलपात ठेवायला सांगितली, रात्री-अपरात्री गरज पडली तर माझ्या नंबरासोबत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहून दिला. तिथे कानडीशिवाय मराठीतही बोलता येतं, हे सीमाभागातल्या लोकांना फारसं माहीत नसतं.

ओसीडीची तीव्रता मोजणाऱ्या येल-ब्राऊन मापनीवर गुण आले ४० पैकी २९. ही मापनी गुडमन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली; २४ ते ३१ म्हणजे तीव्र. छापील कागद भरायला न देता सगळे प्रश्न मी तोंडी विचारतो. आमच्याकडे कानडी फॉर्म वाचता येत नाही आणि पुस्तकी मराठी फॉर्म कळत नाही, असा रुग्ण अर्ध्याहून अधिक वेळा समोर असतो. 'या विचारांना तुम्ही कितपत प्रतिकार करता' असं विचारलं तर तो बघत राहील. 'विचार आला की त्याच्याशी भांडालाय की त्याच्या मागनं जालाय' म्हटलं की लगेच उत्तर येतं.

औषध

आधीच्या फॅमिली डॉक्टरांनी 'टेन्शन' म्हणून अल्प्राझोलाम दिली होती, ती वर्षभर चालू होती. घेतल्यावर तासभर बरं वाटायचं. ओसीडीवर तिचा मूळ उपयोग नाही आणि सवय लागते, म्हणून ती हळूहळू उतरवली. सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅमपासून सुरू करून सहा आठवड्यांत २०० वर नेली. नैराश्याला जेवढा डोस पुरतो त्याहून ओसीडीला बहुधा जास्त लागतो, आणि आठ ते बारा आठवड्यांआधी निकाल लावता येत नाही. हे पहिल्या भेटीत कागदावर लिहून दिलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात 'गोळ्यांनी काय फरक नाही' म्हणून बंद होतात.

तसं होता होता राहिलं. २०० चा आकडा बघून गावात कुणीतरी 'एवढा पॉवर? नशेची गोळी दिसते' म्हणालं आणि आईने डबी लपवली. आईला क्लिनिकमध्ये बोलावून घेतलं. त्यांच्या बीपीच्या गोळीचा आकडा आणि मुलाच्या गोळीचा आकडा यांची तुलना होत नाही, हे त्यांना पटायला पाच मिनिटं लागली. पहिल्या पंधरवड्यात मळमळ आणि जुलाब झाले, ते थांबले. लैंगिक तक्रार त्याने आपणहून सांगितली नाही, कोणी सांगत नाही, विचारल्यावर होती. डोस कमी करायचा का, यावर नवराबायकोने मिळून 'आत्ता नको' ठरवलं.

रस्त्यावरचे उपचार

ईआरपी, म्हणजे ज्याची भीती आहे त्याच्यासमोर जायचं आणि नेहमीची तपासणी करायची नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर हे करून दाखवलं तेव्हापासून मानसोपचारातली ओसीडीची ही सगळ्यात भक्कम पद्धत आहे, आणि खाजगी प्रॅक्टिसमध्ये सगळ्यात कमी वापरली जाणारीही. कारण सरळ आहे. गोळी लिहायला दहा मिनिटं लागतात, ईआरपीला तास-दीड तास, तेही आठवड्यामागून आठवडे. बाहेर वीस माणसं बसलेली असताना तेवढा वेळ काढायचा तर फी वाढवावी लागते, आणि पगार कापून आलेल्या कामगाराला ती परवडत नाही. माझ्याकडे आठवड्यातून दोन दिवस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट येतात, म्हणून हे जमतं. या रुग्णाची बरीचशी सत्रं त्यांनीच घेतली.

समजावून सांगताना त्याचाच धंदा कामाला आला. तो रोज गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, लावून जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेले भाग, पास-रिजेक्ट करतो. मी विचारलं, गेजच बिघडलं असेल आणि प्रत्येक चांगला जॉब रिजेक्ट दाखवत असेल तर तुम्ही काय करता? जॉब शंभर वेळा मोजता? तो हसला. "गेज बाजूला ठेवतो. कॅलिब्रेशनला पाठवतो." त्यानंतर घरात 'कॅलिब्रेशन' हा शब्द रूढ झाला.

भीतीची उतरंड त्याच्याकडूनच लिहून घेतली. तळाला, सकाळी उजेडात कॅमेऱ्याशिवाय सुळग्यापर्यंत जाणं. मधे, स्पीड ब्रेकरवरून जाऊन न वळणं, मग तुरुंगासमोरच्या रस्त्याने जाणं. वर, अंधारात हंगामातल्या ट्रॉल्यांमधून येणं. सगळ्यात वर त्याने स्वतः लिहिलं : 'घरी येऊन कुणाला काही न विचारता जेवायला बसणं.' हे त्याला अंधारातल्या ट्रॉल्यांपेक्षा अवघड वाटत होतं.

आरशाचा प्रश्न नाजूक होता. ओसीडीवाला आरशात सतत बघतो, पण आरसा बघूच नका असं गाडी चालवणाऱ्याला सांगणं म्हणजे खरा अपघात ओढवून घेणं. भावाला मागे बसवून दोघांनी एकेकदा गाडी चालवली. वळताना, गाडी मागे टाकताना आणि ब्रेक मारण्याआधी भाऊ जितक्यांदा आरसा बघतो तितका याचा हक्काचा. धक्क्यानंतरचा आरसा मात्र बंद. भावाला अर्थातच आपण कधी आरसा बघतो याचा पत्ता नव्हता, तो बघत असताना रुग्णानेच टिपून घेतलं.

पहिल्या सत्राला मी गाडी घेऊन मागे होतो. उचगाव फाट्याच्या अलीकडे स्पीड ब्रेकर लागला, त्याची गाडी हळू झाली, उजवा पाय जमिनीला टेकला. मी हॉर्न वाजवला नाही, काही बोललो नाही. तो तसाच उभा राहिला, मग पुढे गेला. फाट्यावर थांबल्यावर अस्वस्थता शंभरपैकी किती विचारलं. "पंच्याऐंशी." चहा घेतला, न वळता तिथेच बसलो. अर्ध्या तासाने साठ. त्याच दिवशी त्याच ब्रेकरवरून आणखी फेऱ्या झाल्या आणि आकडा चाळीसवर आला. ज्या दिवशी तुरुंगासमोरच्या टपरीवर बसून त्याने पाऊण तास पेपर वाचला, त्या दिवशी त्याने मला आपणहून फोन केला. कशासाठी, तर फक्त सांगायला. मी 'बरं' म्हणालो आणि ठेवला. 'छान, काही होणार नाही' असं म्हणालो असतो तर तेही एक उत्तरच झालं असतं.

खरी अडचण रेकॉर्डिंगवर आली. ज्याची भीती वाटते ते पूर्णपणे घडलं आहे असं प्रथमपुरुषी मजकुरात लिहायचं, स्वतःच्या आवाजात मोबाईलवर घ्यायचं आणि रोज ऐकायचं, असा एक भाग असतो. त्याने लिहिलं होतं : 'माझ्या गाडीखाली माणूस गेला. मी थांबलो नाही. मला कधीच कळणार नाही. एक दिवस पोलीस येतील आणि मला हिंडलग्याला घेऊन जातील.' आईने हे ऐकलं आणि घर डोक्यावर घेतलं. तिन्हीसांजेला असलं अभद्र? वास्तू तथास्तू म्हणत असते!

आता या बाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांची समजूत चुकीची आहे हे सिद्ध करायला मी बसलो नव्हतो, आणि गंमत अशी की 'बोललं की घडतं' ही समजूत त्यांच्या मुलाच्या आजारातही होतीच. ठरलं असं : रेकॉर्डिंग घरात ऐकायचं नाही, शेताच्या बांधावर बसून ऐकायचं. आईने सांजवात लावायची ती रोजच्यासारखी. पण रेकॉर्डिंग ऐकलं म्हणून जादा दिवा, अंगारा, मीठमोहरी नाही, कारण तो उतारा झाला आणि उतारा म्हणजे तपासणीचाच भाऊ. आईने हे मान्य केलं. पाळलं का, मला शंका आहे, पण निदान मुलाला कळू दिलं नाही.

पत्नीला आम्ही एक वाक्य सुचवलं होतं : 'हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही.' ती म्हणाली, असं पुस्तकातलं बोलायला मला यायचं नाही. तिने तिचं केलं : "हे विचारायचं नाही ठरलंय न्हवं? हात धुवा, जेवायला बसा." पहिला आठवडा वाईट गेला. तो चिडला, दोन दिवस जेवला नाही. तिने फोन करून विचारलं, एकदा सांगू का? मी म्हणालो, आज सांगितलंत तर उद्या दोनदा सांगावं लागेल, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. तिने सांगितलं नाही. चुलतभावाने रात्रीचा फोन घ्यायचं बंद केलं. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड पत्नीच्या डब्यात गेलं आणि पुढे कॅमेरा भाच्याला.

पुढचे महिने

बाराव्या आठवड्यात मापनीवर १९, सहाव्या महिन्यात १३. कारखान्याने मधे माझ्याकडे निदान लेखी मागितलं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे ही माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाचा आहे; मी 'उपचार चालू, कामासाठी योग्य' एवढंच दिलं आणि तेवढ्यावर भागलं.

जुलैत एक कुत्रं खरंच त्याच्या पुढच्या चाकाखाली आलं. धो धो पाऊस, बाचीच्या अलीकडे. हे कळलं तेव्हा माझ्याच पोटात धस्स झालं. तो मात्र थांबला, कुत्रं लंगडत शेतात गेलं ते बघितलं, गाडीचा हँडल वाकडा झाला होता तो सरळ केला आणि घरी आला. बायकोला सांगितलं, विचारलं नाही. हा अनुभव ओसीडीत नवा नाही : खरं संकट आलं की ही माणसं व्यवस्थित वागतात, त्यांची दमछाक होते ती न घडलेल्या गोष्टींशी. आठवड्याने सत्राला आल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशी कळलं, खरंच काय तर चाकाखाली येतं तेव्हा विचारायला लागत नाही."

मी त्याला तिथेच थोडं अडवलं. कारण हेच वाक्य उद्या नवी तपासणी होऊ शकतं : 'कुत्र्याच्या वेळेसारखा धक्का होता का? नव्हता, म्हणजे ठीक.' तसं झालंही, ऑगस्टमध्ये दोन आठवडे तो धक्क्यांची मनात कुत्र्याच्या धक्क्याशी तुलना करत होता. सायकॉलॉजिस्टनी ते पकडलं. मनातल्या मनात होणारी तपासणी बाहेरून दिसत नाही, म्हणून ती विचारूनच काढावी लागते.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. बरं वाटतंय म्हणून त्याने स्वतःहून गोळी अर्धी केली होती. डिसेंबरात दोनदा वळून गेला आणि दुसऱ्याच दिवशी पत्नीने क्लिनिकला फोन केला. डोस पूर्ववत केला, रेकॉर्डिंग पुन्हा सुरू, संध्याकाळच्या फेऱ्या पुन्हा. जानेवारीअखेर मापनीवर ११.

सध्या सर्ट्रालीन २०० वरच आहे. निदान आणखी वर्षभर चालवायची, मग अगदी हळूहळू उतरवायची, आणि उतरवण्याची सुरुवात काही झालं तरी गळीत हंगामात करायची नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. कामावर तो अजून काही जॉब दोनदा मोजतो. सुपरवायझरला ते आवडतं, त्यामुळे तो भाग सोडवायला अवघड जातोय. पुढची सत्रं त्यावरच आहेत : एकदाच मोजायचं, रिपोर्टवर सही करायची, ट्रे पुढे ढकलायचा. पत्नीची स्वतःची झोप अजून बसलेली नाही, तिला पुढच्या भेटीला वेगळा वेळ दिलाय.